सोमेश्वर तिसरा

सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ : इ.स. ११२६ ते इ.स. ११३८) हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा आणि संस्कृत ग्रंथकार होता. भूलोकमल्ल हे त्याचे बिरुद असून त्याच्या विद्वत्तेमुळे त्याला सर्वज्ञ असेही म्हटले जाई. मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणी हा त्याचा ज्ञानकोशस्वरूप ग्रंथ मध्ययुगीन दख्खनच्या सामाजिक व सांस्कृतिक इतिहासाचे एक प्रमुख साधन मानला जातो. या ग्रंथातील मत्स्यविनोद नावाचा अध्याय माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची कला या विषयांना वाहिलेला आहे. गळाच्या मासेमारीवर इतक्या तपशिलाने लिहिणारा राजा भारतीय वाङ्मयात विरळा आहे. मराठी भाषेच्या इतिहासातही या ग्रंथाला स्थान आहे.

घराणे व पूर्वपीठिका

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात तैलप दुसरा याने राष्ट्रकूटांची सत्ता संपवून चालुक्यांचे राज्य पुन्हा उभे केले. पुढे या घराण्याची राजधानी कल्याणी येथे आली. हे स्थळ म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या सीमेवरील हा प्रदेश असून सोलापूर, धाराशिव, लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांच्या मध्ययुगीन इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य हा या घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजा होय. इ.स. १०७६ मध्ये गादीवर येताच त्याने चालुक्य विक्रम संवत सुरू केला आणि सुमारे ५० वर्षे राज्य केले. काश्मीरचा कवी बिल्हण त्याच्या आश्रयास होता. त्याने विक्रमांकदेवचरित हे काव्य रचले. कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी विक्रमादित्याचा झालेला विवाह हा या काव्यातील एक प्रमुख प्रसंग आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हाही त्याच्याच काळातला. शस्त्र आणि शास्त्र या दोहोंचा असा वारसा सोमेश्वराला मिळाला. गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसऱ्या जयकेशीला विक्रमादित्याने आपली कन्या मैललदेवी दिली होती. त्यामुळे सागरकिनाऱ्यावरील एका राज्याशी कल्याणीचे थेट नाते जुळले होते.

राज्यारोहण व राज्यकारभार

इ.स. ११२६ मध्ये विक्रमादित्याचे निधन झाले आणि सोमेश्वर गादीवर आला. पित्याने मागे ठेवलेले राज्य विस्तीर्ण होते, परंतु त्याच्या कडा उसवू लागल्या होत्या. दक्षिणेस द्वारसमुद्राचा होयसळ राजा विष्णुवर्धन हा नावाला मांडलिक असला, तरी स्वतंत्र होण्याची त्याची धडपड विक्रमादित्याच्या हयातीतच सुरू झाली होती. सोमेश्वराच्या काळात तिला अधिक बळ मिळाले. त्याने उत्तरेकडील चालुक्य प्रदेशांत मुसंडी मारली, मात्र चालुक्यांचे सार्वभौमत्व त्याने उघडपणे झुगारले नाही. पूर्वेस वेंगीच्या प्रदेशावर विक्रमादित्याने मिळवलेला ताबा टिकला नाही. विक्रम चोळाने तेथे चोळांची सत्ता पुन्हा बसवली. वरंगळच्या काकतीय घराण्याचे बळही याच सुमारास वाढत होते.

या घटनांमुळे काही इतिहासकारांनी सोमेश्वराला विद्याव्यासंगी, पण राजकारणात दुबळा राजा ठरवले आहे. हा निष्कर्ष काहीसा एकांगी आहे. त्याच्या १२ वर्षांच्या कारकिर्दीत राज्याचा गाभा शाबूत राहिला आणि बहुतेक मांडलिक चालुक्यांचे अधिराज्य मान्य करीत राहिले. साम्राज्य कोसळले ते त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी.

ग्रंथरचना

सोमेश्वराच्या नावावर दोन ग्रंथ आहेत. विक्रमांकाभ्युदय हे त्याने लिहिलेले पित्याचे गद्य चरित्र अपूर्ण अवस्थेत उपलब्ध आहे. त्याची खरी ख्याती मात्र मानसोल्लासावर उभी आहे. या ग्रंथातील ज्योतिषविषयक गणितासाठी शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ हे वर्ष आधारभूत धरलेले आहे. त्यावरून ग्रंथ त्याच सुमारास रचला गेला, असे अनुमान करता येते. एवढ्या भिन्न विषयांवरील ग्रंथ रचताना राजाला दरबारातील पंडितांचे व जाणकारांचे साहाय्य झाले असणे स्वाभाविक आहे.

मानसोल्लास मुख्यतः पद्यात आहे. त्याचे १०० अध्याय असून ते प्रत्येकी २० अध्यायांच्या ५ विंशतींत विभागलेले आहेत. पहिल्या विंशतीत राज्यप्राप्तीची साधने, म्हणजे राजाचे शील व आचरण, सांगितले आहे. दुसरीत मिळालेले राज्य स्थिर कसे ठेवावे याचा विचार असून अमात्य, कोश, दुर्ग, सैन्य व मित्र हे विषय तीत येतात. तिसरीत निवास, स्नान, वस्त्रे, सुगंध, अन्न, पाणी इत्यादी उपभोगांचे वर्णन आहे. चौथी विंशती विनोदांची, तर पाचवी क्रीडांची आहे. येथे विनोद या शब्दाचा अर्थ थट्टा असा नसून मन रमवणारी करमणूक असा आहे.

तिसऱ्या विंशतीतील अन्नभोग या अध्यायात मांडे, वडे, पुऱ्या, पापड यांसारख्या आजही परिचित असलेल्या पदार्थांची संस्कृत नावे आढळतात. इडली व डोसा या पदार्थांच्या इतिहासाची चर्चा करतानाही या अध्यायाचा आधार घेतला जातो. मांसाच्या व माशांच्या पाककृतीही त्यात दिल्या आहेत.

चौथ्या विंशतीत शस्त्र, शास्त्र, गज, वाजी, अंक आणि मल्ल या विनोदांनंतर कोंबडे, लावे, मेंढे, रेडे, पारवे, कुत्रे आणि ससाणे यांचे विनोद येतात. त्यानंतर मत्स्यविनोद व मृगविनोद आणि शेवटी गीत, वाद्य, नृत्य, कथा व चमत्कार असा क्रम आहे. ससाणे उडवण्याच्या आणि हरणांच्या शिकारीच्या मध्ये गळाच्या मासेमारीला दिलेली ही जागा लक्षणीय आहे. जे काम सामान्यतः पोटासाठी करावयाचे मानले जाई, त्याला या ग्रंथात राजाच्या विनोदाचा दर्जा मिळाला आहे.

मत्स्यविनोद

मत्स्यविनोदाची मांडणी पद्धतशीर आहे. प्रथम मासे कोणते, मग ते कोठे राहतात, त्यांना काय आवडते आणि अखेरीस ते कसे धरावेत, असा विषयाचा ओघ आहे. समुद्रातले व नद्यांतले मिळून सुमारे ३५ प्रकारचे मासे या अध्यायात वर्णिले आहेत. खवल्यांचे व बिनखवल्यांचे अशी विभागणी केली असून आकारमानाचाही विचार केला आहे. माशाचे शरीर आणि त्याचे वसतिस्थान या दोन गोष्टींवर आधारलेले हे वर्गीकरण निरीक्षणातून आलेले आहे. कल्याणी समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. अशा ठिकाणच्या राजाच्या ग्रंथात सागरी मासे यावेत, ही गोष्ट पाहताना पश्चिम किनाऱ्यावरील मांडलिकांशी व सोयऱ्यांशी असलेले या राजघराण्याचे संबंध ध्यानात घ्यावे लागतात.

अध्यायाचा दुसरा भाग खाद्याचा आहे. सर्व मासे एकाच खाद्याला भुलत नाहीत, हे गळ टाकणाऱ्याचे पहिले ज्ञान होय. ग्रंथकाराने माशांच्या जातींनुसार त्यांच्या खाद्याचा विचार केला आहे. त्यानंतर दोरी, काठी, गळ व आमिष या साधनांकडे तो वळतो. शस्त्रविद्या किंवा गजविद्या ज्या गांभीर्याने शिकवली आहे, त्याच गांभीर्याने ही सामग्रीही वर्णिली आहे.

जाळ्याने मासे धरणे आणि गळाने मासा धरणे यांत मूलभूत फरक आहे. जाळे पाण्यात जे असेल ते ओढून आणते. गळ मात्र एका माशाला उद्देशून टाकला जातो, आणि मासा स्वतःहून आमिष घेईपर्यंत गळ धरणाऱ्याला थांबावे लागते. म्हणून या कलेत बळापेक्षा माशाच्या सवयींची माहिती व संयम यांना अधिक मोल आहे. कोकणात गळाला गरी आणि गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, हे तेथील गरवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडी परंपरेने ठाऊक असते. अशा प्रकारचे ज्ञान बाराव्या शतकात संस्कृत पद्यात नोंदले गेले, हे मत्स्यविनोदाचे वेगळेपण आहे.

जागतिक संदर्भ : आमिष आणि पिसांची माशी

गळाच्या मासेमारीचे दोन मार्ग जगात पूर्वापार चालत आले आहेत. पहिल्यात गळाला माशाचे खरे खाद्य लावतात. दुसऱ्यात धागा, लोकर व पक्ष्यांची पिसे गळावर बांधून कीटकाची नक्कल करतात. अशा बनावट कीटकाला माशी असेच म्हणण्याचा प्रघात आहे.

दुसऱ्या मार्गाचे जुने वर्णन ईलियन या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या रोमन लेखकाने इ.स. २०० च्या सुमारास केले आहे. मॅसिडोनियातील एका नदीवरचे लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवीत, असे तो सांगतो. नदीवर घोंघावणारा खरा कीटक हाताळताच त्याचा रंग व तेज जाते आणि तो आमिष म्हणून निरुपयोगी ठरतो, म्हणून ही युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये इ.स. १४९६ मध्ये छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधात अशा १२ माश्या दिल्या आहेत. मानसोल्लास हा या छापील प्रबंधाहून सुमारे साडेतीन शतकांनी जुना आहे.

पुढे उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडमधील वेगवान ओढ्यांवर मऊ पिसांच्या माश्या बांधण्याची परंपरा स्थिरावली. डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट याने इ.स. १८५७ मध्ये आणि टी. ई. प्रिट याने इ.स. १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांतून ती सर्वत्र पोहोचली. या माशीची रचना अगदी साधी असते. गळाच्या दांड्यावर रेशमी धाग्याचे घट्ट वेढे देऊन कीटकाचे सडपातळ शरीर तयार करतात. डोक्याशी तित्तिरासारख्या पक्ष्याच्या मऊ पिसाचे एक-दोनच वेढे देऊन धागा गाठ मारून तोडतात. पिसाचे तंतू मोजके ठेवतात. पाण्याच्या ओढीने ते मिटतात व उघडतात, आणि तळातून पृष्ठभागाकडे येणाऱ्या कीटकाच्या पायांची व पंखांची हालचाल माशाला भासते. तंतू दाट झाले तर ही हालचाल मरते. नारिंगी रेशीम व तित्तिराचे तपकिरी पीस यांची माशी या प्रकारात विशेष प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात सिल्व्हेस्टर नेम्स या अमेरिकन लेखकाने इ.स. १९७५ मधील आपल्या पुस्तकाद्वारे या विस्मृतीत चाललेल्या प्रकाराकडे पुन्हा लक्ष वेधले.

सोमेश्वराची रीत आमिषाची आहे, पिसांच्या माशीची नाही. दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध असल्याचा पुरावाही नाही. तरीही त्यांचा पाया एकच आहे. मासा कोठे राहतो आणि काय खातो, हे आधी पाहावे व मग साधन सिद्ध करावे, हा क्रम दोन्हीकडे आढळतो. यॉर्कशरचा माशी बांधणारा ओढ्यावरचे कीटक न्याहाळून रेशमाचा रंग निवडतो. मानसोल्लासकार माशाची जात सांगून मग त्याच्या खाद्याकडे वळतो.

भारतात गळाच्या मासेमारीवरचे आधुनिक लेखन ब्रिटिश अमदानीत सुरू झाले. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचे या विषयावरील पुस्तक इ.स. १८७३ मध्ये निघाले आणि महसीर या माशाला त्यामुळे मोठी प्रसिद्धी मिळाली. त्या काळात गळाचा छंद हा साहेबांनी आणलेला खेळ समजला जाई. मत्स्यविनोद प्रकाशात आल्यानंतर या समजाला आधार उरला नाही.

मानसोल्लास आणि मराठी

मानसोल्लासाच्या गीतविनोदात अनेक देशी भाषांतील गीतांचे नमुने आले आहेत. त्यांत मराठीही आहे. विष्णूच्या दशावतारांची स्तुती करणाऱ्या गीतातील मराठी चरणात मत्स्यावताराचा उल्लेख आहे. विष्णूने मत्स्यरूपाने रसातळातून वेद वर आणले, असा त्याचा आशय आहे. गळाच्या माशांवर अध्याय लिहिणाऱ्या ग्रंथातच मराठीचा हा जुना चरण मत्स्यावतारासंबंधी असावा, हा एक सुखद योगायोग आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंदही सोमेश्वराने केली आहे. ओवीच्या प्राचीनतेचा विचार करणाऱ्या अभ्यासकांनी ती महत्त्वाची मानली आहे.

अक्षी येथील शके ९३४ चा आणि कुडल येथील शके ९४० चा असे मराठी शिलालेख मानसोल्लासापूर्वीचे आहेत. परंतु मुकुंदराजाचा विवेकसिंधू, लीळाचरित्र व ज्ञानेश्वरी हे ग्रंथ नंतरचे होत. त्यामुळे मराठीतील गेय पद्याचा हा नमुना भाषेच्या अभ्यासकांना मोलाचा वाटतो. मासेमारीची नोंद आणि कांडणाच्या ओवीची नोंद या दोन्हींमागे एकच वृत्ती दिसते. लोकांच्या रोजच्या व्यवहारातील गोष्टी शास्त्रग्रंथात घेण्यात सोमेश्वराला कमीपणा वाटला नाही.

मृत्यू व उत्तरकाळ

इ.स. ११३८ च्या सुमारास सोमेश्वराची कारकीर्द संपली. त्याच्यामागून दुसरा जगदेकमल्ल व नंतर तिसरा तैलप हे त्याचे पुत्र गादीवर आले. जगदेकमल्ल स्वतः संगीतज्ञ होता आणि संगीतचूडामणी हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. तैलपाच्या काळात मंगळवेढ्याशी संबंध असलेल्या कलचुरी घराण्यातील मांडलिक बिज्जल याने सत्ता बळकावली. त्याच्याच कारकिर्दीत कल्याणी हे बसवेश्वरांच्या कार्याचे केंद्र झाले. सोमेश्वराचा नातू चौथा सोमेश्वर याने काही काळ राज्य परत मिळवले, परंतु बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीचे यादव व द्वारसमुद्राचे होयसळ यांनी चालुक्यांचा प्रदेश वाटून घेतला.

ग्रंथ मात्र राज्यापेक्षा दीर्घायुषी ठरला. तेराव्या शतकात देवगिरी येथे संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने आपल्या पूर्वसूरींत सोमेश्वराची गणना केली आहे. आधुनिक काळात बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी मानसोल्लास संपादित केला. त्याचे तीन खंड अनुक्रमे इ.स. १९२५, १९३९ व १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी इ.स. १९५१ मध्ये मत्स्यविनोदावर स्वतंत्र लेख लिहून हा अध्याय प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांसमोर आणला. इ.स. २००५ मध्ये नलिनी साधले व य. ल. नेने यांनी त्यातील माशांचा पुन्हा अभ्यास केला. संस्कृत नावांवरून आजच्या जाती ओळखणे हा या अभ्यासाचा सर्वांत अवघड भाग आहे. प्रदेशानुसार माशांची नावे बदलतात आणि एकच नाव अनेक माशांना लागू पडते.

मूल्यमापन

सोमेश्वराविषयी इतिहासात दोन मते आढळतात. एका मतानुसार वेंगी हातची गेली आणि होयसळ प्रबळ होत असताना राजा ग्रंथरचनेत व विनोदांत रमला. दुसऱ्या मतानुसार त्याने राज्य सांभाळून आपल्या काळाचे सर्वांगीण चित्र मागे ठेवले. मानसोल्लासाच्या रचनेकडे पाहिले असता पहिल्या मताला मर्यादा पडतात. १०० अध्यायांतील पहिले ४० अध्याय राजाचे आचरण व राज्याचे स्थैर्य यांसाठी आहेत. विनोद त्यानंतर येतात, आणि मत्स्यविनोद हा त्यांतील केवळ एक अध्याय आहे. उपभोग व करमणूक यांचा अधिकार राज्य सुस्थिर करणाऱ्यालाच आहे, असा या क्रमाचा अर्थ लावता येतो. हे सूत्र मांडणाऱ्या राजाला ते स्वतःच्या सीमांवर पूर्णपणे राखता आले नाही, हेही तितकेच खरे आहे.

विक्रमादित्याचे विजय शिलालेखांत व काव्यांत राहिले. सोमेश्वराच्या काळातील स्वयंपाकघर, आखाडा, रंगशाळा आणि नदीकाठ यांची माहिती मात्र त्याच्या ग्रंथामुळेच आज उपलब्ध आहे. बाराव्या शतकातील दख्खनमध्ये कोणते मासे परिचित होते आणि ते गळाने कसे धरले जात, या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या अभ्यासकाला आजही मत्स्यविनोदापासूनच आरंभ करावा लागतो.